पासवर्ड टाकला की लॅपटॉप बंद? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

"सर, चालू होतोय, पण पासवर्ड टाकला की बंद पडायलाय. फॉरमॅट मारून द्या, तासाभरात पाहिजे."

परभणीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि जुलैमध्ये हे वाक्य मी दिवसाआड ऐकतो. खरिपाच्या पीक विम्याची मुदत जवळ आलेली असते, सेवा केंद्राबाहेर सातबारा आणि पासबुक घेऊन माणसं ताटकळलेली असतात, आणि केंद्रवाल्याचा एकुलता एक लॅपटॉप नेमका तेव्हाच मान टाकतो. घाई मला समजते. पण फॉरमॅट हे या दुखण्यावरचं पहिलं औषध नाही.

मीही पूर्वी बिनदिक्कत मारून द्यायचो. मानवतकडच्या एका केंद्रवाल्याचा लॅपटॉप असाच आला होता. विंडोज नव्यानं टाकलं, प्रिंटर बसवला, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, शोधून टाकला, मराठी टायपिंगचा कीबोर्ड लावून दिला. दुकानात दोन तास झकास चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस परत दारात, तक्रार तीच. दुकानात लॅपटॉप माझ्या चार्जरवर चालला होता. त्याच्याकडचा चार्जर ४५ वॅटचा निघाला, लॅपटॉपला लागायचा ६५ वॅटचा, आणि बॅटरी तर केव्हाच मेलेली. विंडोजचा काडीचाही दोष नव्हता. पैसे परत दिले, आणि त्याचे दोन दिवस बुडाले ते वेगळेच.

नेमकं त्याच क्षणी का?

पासवर्डची स्क्रीन दिसते, म्हणजे विंडोजचा गाभा सुरू झालेला आहे आणि डिस्क निदान वाचता येतेय. त्या स्क्रीनवर लॅपटॉप जवळजवळ बसूनच असतो. पासवर्ड बरोबर पडला की मात्र सगळं एकदम अंगावर येतं. तुमच्या खात्याची सेटिंगची फाइल उघडते, डेस्कटॉप उभा राहतो, ग्राफिक्सचा ड्रायव्हर खऱ्या कामाला लागतो, अँटिव्हायरस, वनड्राइव्ह, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, असे आठ-दहा प्रोग्रॅम एका दमात जागे होतात. प्रोसेसर पूर्ण जोरानं पळायला लागतो, वीज जास्त ओढतो आणि तापतो. म्हणून लॉगिनला बंद पडण्याची कारणं पार वेगवेगळ्या घरांतली असू शकतात: खातं, ड्रायव्हर, एखादा प्रोग्रॅम, उष्णता किंवा वीज. यातलं कोणतं, ते लॅपटॉप कसा बंद पडतो यावरून बरंचसं कळतं. फॉरमॅट मारला की तो पुरावाच पुसला जातो.

कसा बंद पडला, हे न पाहणं

सगळ्यात मोठी चूक हीच. "बंद पडतो" या एका शब्दात लोक चार वेगळे आजार सांगतात.

लाइट गेल्यासारखा खटकन बंद झाला, पंखा-दिवा सगळं गप्प, तर आधी वीज आणि उष्णता बघा.

अक्षरं असलेली निळी स्क्रीन आली तर मोबाइलनं तिचा फोटो काढा. विंडोज ११ च्या २०२५ पासूनच्या अपडेटमध्ये हीच स्क्रीन काळी केलेली आहे, त्यामुळे काळ्या रंगावर अक्षरं दिसली तरी मामला तोच. तिच्यावरचा स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, आम्हा दुरुस्तीवाल्यांना सोन्यासारखा असतो. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असेल तर संशय ग्राफिक्सवर: विंडोज ग्राफिक्स चिपच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट बघतं, ते आलं नाही तर ड्रायव्हर नव्यानं चालू करायला जातं, आणि तेही जमलं नाही की हा कोड येतो. 'मेमरी मॅनेजमेंट' दिसलं तर रॅम तपासायची. स्क्रीन वाचण्याआधीच लॅपटॉप रीस्टार्ट होत असेल, तर पुढे स्टार्टअप सेटिंग्जची यादी येईल तिथे ९ क्रमांक निवडा. मग तो आपोआप रीस्टार्ट होत नाही.

काळी स्क्रीन, पण माउसचा बाण हलतोय? मग लॅपटॉप बंद पडलेलाच नाही, डेस्कटॉप उभा राहिलेला नाही एवढंच. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, कित्येकदा एक बीप वाजते आणि स्क्रीन परत येते. नाही आली तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नवीन टास्कमध्ये 'एक्सप्लोरर' चालवा. केंद्रवाल्यांनी दुसरा मॉनिटर लावून काढला असेल तर विंडोजचं बटण आणि पी दाबून पाहायला विसरू नका. चित्र त्या नसलेल्या मॉनिटरवर गेलेलं असतं. हसू नका, महिन्यातून एक तरी असा येतोच.

चौथा प्रकार: 'वेलकम' येतं आणि फिरून पासवर्डचीच स्क्रीन. हा बहुतेक खात्याचा बिघाड. त्याकडे पुढे येतो.

सगळं खापर पासवर्डवर फोडणं

एक फुकटची तपासणी आहे. लॅपटॉप चालू करा, पासवर्डच्या स्क्रीनपर्यंत जाऊ द्या आणि अर्धा तास तसाच ठेवा. तिथेही बंद पडला, तर लॉगिनचा संबंध नाही. मग बायोसच्या, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या मूळ सेटिंगच्या, स्क्रीनवर ठेवून पाहा. तिथे विंडोज चालूच नसतं. तिथेही मेला तर नवं विंडोज टाकून काय उपयोग?

नंतर बॅटरी आणि चार्जर वेगळे करून बघा. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर लॉगिन होतं का? होत असेल तर चार्जर किंवा त्याची पिन दोषी. चार्जरच्या पाठीवरचे वॅट आणि लॅपटॉपला लागणारे वॅट जुळतात का ते वाचा. आपल्याकडे व्होल्टेजचा लपंडाव नवा नाही. बॅटरी ठणठणीत असेल तोवर ती मधले झटके झेलून घेते, ती गेली की प्रत्येक झटका थेट लॅपटॉपला बसतो. टचपॅड वर आलेला किंवा तळ फुगलेला दिसला तर मात्र प्रयोग थांबवा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही.

उष्णतेचं म्हणाल तर मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या गाळ्यात त्याहून वाईट. त्यात आमच्या भागाची खासियत कापूस. मानवत, सेलूकडच्या जिनिंगच्या आसपासचे लॅपटॉप उघडले की पंखा आणि जाळीच्या मध्ये तंतूंची चक्क नमद्यासारखी गादी बसलेली असते. पंखा जोरात फिरतो, आवाज करतो, पण हवा बाहेर येत नाही. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी वेग कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून लॅपटॉप स्वतःच बंद होतो. बाहेरून नुसता ब्लोअर मारून ही गादी निघत नाही, उलट आत रुतते. मागचं झाकण उघडून, पंख्याची पाती बोटानं धरून साफ करावं लागतं. पाती मोकळी सोडून हवा मारली तर ती भन्नाट फिरतात आणि पंख्याचं बेअरिंग जातं.

दहा वेळा शटडाउन, एकदाही रीस्टार्ट नाही

विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच उचलला जातो. बिघडलेला ड्रायव्हरही त्याच्यासोबत उचलला जातो. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. त्यामुळे पासवर्डच्या स्क्रीनवरच, उजवीकडे खाली पॉवरच्या चिन्हातून आधी एकदा रीस्टार्ट करा. एवढ्यावर भागलं तर चहा तुमच्याकडून.

एफ ८ बडवत बसणं

सेफ मोड म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर विंडोज चालू करणं. त्यासाठी एफ ८ हा विंडोज ७ चा काळ. आता पासवर्डच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरायचं आणि पॉवरच्या चिन्हातून रीस्टार्ट करायचं. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४. इंटरनेट हवं असेल तर ५.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, सेफ मोडमध्ये चार आकडी पिन पुष्कळदा चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्ड लागतो. आणि तो कुणालाच आठवत नाही, कारण खातं तीन वर्षांपूर्वी दुकानदारानं किंवा भाच्यानं काढून दिलेलं असतं. दुसरा खड्डा बिटलॉकर. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि दुरुस्तीच्या वाटेनं आत जाताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, दुसऱ्या मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. लॅपटॉप चालू असतानाच ती कागदावर उतरवून रेशन कार्डासोबत ठेवलेली बरी.

सेफ मोडमध्ये लॉगिन नीट झालं तर विंडोजचा पाया शाबूत आहे, रॅम आणि डिस्कही बहुधा ठीक आहेत. मग संशय उरतो ड्रायव्हरवर आणि आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमवर. सर्चमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. कोणत्या दिवशी काय बसवलं आणि कधीपासून बिघाड सुरू झाला, हे तारखेनिशी दिसतं. त्या दिवशी आलेला ग्राफिक्स ड्रायव्हर 'रोल बॅक' करा, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्या, नवा प्रोग्रॅम काढून टाका. एकावर एक दोन अँटिव्हायरस बसवले असतील तर एक काढा. सुरक्षेची सॉफ्टवेअरं विंडोजच्या अगदी आत, गाभ्याजवळ काम करतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले होते, आणि कितीतरी ठिकाणी माणसांनी हातानं सेफ मोडमध्ये जाऊन त्या अपडेटची एक फाइल काढली तेव्हाच ते उठले. फॉरमॅटची गरज नव्हती.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून लगेच पॉवर सप्लायवर ठपका ठेवू नका. आधी लॅपटॉप रीतसर बंद झाला नव्हता, एवढंच ती नोंद सांगते. का, ते सांगत नाही.

तात्पुरत्या खात्यात काम करत राहणं

त्याच लॅपटॉपवर दुसरं खातं असेल तर त्यात शिरून बघा. दुसरं चालतं आणि तुमचंच कोसळतं, म्हणजे तुमच्या खात्याची फाइल खराब झालीय. लाइट गेली आणि मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप लिहिता-लिहिता बंद पडला की हे होतं. सी ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल तरी खात्याची अशीच गडबड होते.

अशा वेळी विंडोज कधी कधी तात्पुरतं खातं उघडून देतं. डेस्कटॉप कोरा, फाइली गायब. लोक आधी घाबरतात, मग "असू दे" म्हणत त्यातच काम सुरू करतात. साइन आउट करताच त्यात साठवलेलं सगळं पुसलं जातं. एका शिक्षिकेचे दिवसभर भरलेले निकालपत्रक असेच गेले, आणि मला ते परत आणता आले नाहीत. जुन्या फाइली मात्र सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली बहुधा जशाच्या तशा असतात.

उपाय म्हणजे नवीन खातं काढायचं आणि जुन्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो त्यात आणायचे. जुनं अख्खं फोल्डर उचलून टाकू नका. 'एनटीयूजर' नावाच्या लपलेल्या फाइली सोबत आल्या तर आजारही सोबत येतो.

डाटा न काढता डिस्क दुरुस्त करायला बसणं

लॉगिनला मिनिटन् मिनिटं लागतात, डिस्कमधून टिकटिक येते, फाइल उघडता उघडत नाही. अशा डिस्कवर चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला पळवणं. आधी डाटा काढा. पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) घेऊन त्यावरून लॅपटॉप चालू केला की, बिटलॉकरचं कुलूप नसेल तर, फाइली सरळ बाहेर काढता येतात. शिवाय उबुंटूवरही लॅपटॉप तसाच कोसळला तर दोष हार्डवेअरचा, हेही त्याच फेरीत कळतं.

एवढं करूनही दुकानात यावं लागलं तर स्टॉप कोडचा फोटो आणा, खात्याचा पासवर्ड आठवून या, आणि चार्जर सोबत आणा. तुमचाच, शेजारच्याचा नको.