मोटरहोम घेऊन ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यांत निघालात? या चुका टाळा

दर मे महिन्यात पुण्याहून कोणी ना कोणी सिडनीला येतं, भाड्याने मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, ठरवतं आणि मला मोबाइलवर आखलेला कार्यक्रम पाठवतं. ‘सकाळी फोर्ब्स, मग पार्क्सची रेडिओ दुर्बीण, डबोचं प्राणिसंग्रहालय, मुक्काम कूनाबराब्रन.’ नकाशा म्हणतो चार तास. पण दुर्बीण बघायला उतरणार, डबोला मुलं जिराफापासून हलणार नाहीत, आणि इथे मे-जूनमध्ये सव्वापाचला दिवस मावळतो. राहिलेले दीडशे किलोमीटर अंधारात.

हीच पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. डांबरावरून वाहून आलेलं पाणी कडेला मुरतं, म्हणून आजूबाजूचं रान वाळलं तरी रस्त्याकाठचं गवत हिरवं राहतं. तिन्हीसांजेला कांगारू तिथेच चरायला येतात. दिवा दिसला की पळून जातील असं समजू नका. त्यांची उडी बऱ्याचदा गाडीच्या दिशेनेच पडते. त्यात समोरून साडेछत्तीस मीटरची रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक तीन एसट्या, येत असेल तर बाजूला घ्यायलाही जागा नसते. भाड्याच्या करारांत अंधारात गावाबाहेर गाडी चालवायला अनेकदा मनाई असते. ते पान कोणी वाचत नाही. माझा नियम सोपा आहे: चार वाजता जे गाव येईल, तिथे मुक्काम. हे ऐकून ‘मग सगळं बघून कसं होणार?’ असं विचारणाऱ्यांनी विमानाने जावं.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून जास्त झोंबते. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सच्या बऱ्याच गावांत मुख्य रस्त्यावर गाडी तिरकी लावतात, तीही मागची बाजू फुटपाथकडे करून. आणि जुन्या दुकानांच्या पडव्या फुटपाथ झाकत थेट कडेपर्यंत आलेल्या असतात. सव्वातीन मीटर उंचीची गाडी मी ऐटीत मागे घेतली. मागचा कॅमेरा दाखवत होता जमीन, आणि वर पत्र्याने कर्रर्र केलं. गाडीचा वरचा कोपरा फाटला, पन्हळ लोंबायला लागली. दुकानदार शिडी घेऊनच बाहेर आला. काही न बोलता त्याने पडवीवरचे आधीचे तीन पोचे दाखवले. माझा चौथा. भाड्याच्या विम्यातून गाडीच्या टपाचं नुकसान बहुतेक वगळलेलं असतं, हे त्या संध्याकाळी करार वाचताना कळलं. तेव्हापासून मी मुख्य रस्त्यावर गाडी लावतच नाही. मागच्या गल्लीत लावतो आणि पाच मिनिटं चालतो. मागे घ्यायचीच असेल तर बायको खाली उतरून वर बघते. कॅमेऱ्यापेक्षा तिचा आवाज मोठा आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मोटरहोमचा वीजप्लग पंधरा ॲम्पिअरचा असतो, त्याची अर्थची पिन जाड असते. घरच्या दहा ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून ती घासून बारीक करणारे महाभाग आहेत. त्यांच्या गाडीत मी चहासुद्धा पिणार नाही.

संडासाची पेटी झुडपात किंवा गटारात नव्हे, डंप पॉइंटवरच, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या जागीच, रिकामी करायची. ‘उद्या करू’ म्हणणाऱ्याची पेटी नेमकी तोंडापर्यंत भरते. मी निम्मी असली तरी सकाळी चहाआधी ओततो.

नॅराब्राई-मोरीकडची जमीन आपल्या विदर्भासारखीच काळी, कापसाची. पाऊस झाल्यावर तिथल्या कच्च्या रस्त्यावर चाक घालू नका. वाफसा येईपर्यंत रुतून बसाल. तसंही भाड्याच्या गाडीला कच्चा रस्ता बहुधा वर्ज्यच असतो.

शनिवारी दुपारनंतर छोट्या गावांत शुकशुकाट असतो. किराणा, गॅस शुक्रवारीच भरा. पबचं स्वयंपाकघर आठला बंद होतं. साडेआठला पोचलात तर वेफर्सवर झोपायचं.

आणि फळं. फळमाशीच्या भीतीने साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात बाहेरची फळं नेऊ देत नाहीत, सीमेजवळच्या यांब्याच्या नाक्यावर गाडी तपासतात. मिल्डुऱ्यात स्वस्त मिळाली म्हणून दहा किलो संत्री घेतलेलं एक कुटुंब मी त्या नाक्याच्या अलीकडे पाहिलंय. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे उभ्याने सोलून खात होते, आणि निम्मी पिशवी अजून शिल्लक होती.