मुंबईसाठी कॅप्सूल वॉर्डरोब करायचाय? आधी दोरी बघा

कॅप्सूल वॉर्डरोब म्हणजे मोजकेच कपडे, पण असे की कुठलाही कुर्ता कुठल्याही पँटवर चालला पाहिजे. नेटवर मिळणाऱ्या याद्यांमध्ये ट्रेंच कोट न् लोकरीचे स्वेटर असतात, त्या थंड देशांसाठी ठीक आहेत. मी डोंबिवलीहून कुर्ल्याला उतरून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, ऑफिसला जाते, माझं कपाट वीस कपड्यांवर आणायला मला दोन पावसाळे लागले, आणि त्यातून कळलं ते असं की मुंबईत कपडा निवडताना ऊन-थंडी नंतर बघायची, आधी बघायचं की तो वाळतो किती वेळात.

कारण इथे खरा त्रास दमटपणाचा. मे महिन्यात पारा ३३-३४ लाच असतो, पुण्यात त्याहून जास्त चढतो, पण तिथे घाम सुकतो आणि इथे तो अंगावरच राहतो. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो तो ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे वर्षातले जवळजवळ चार महिने कपडे घरातल्या दोरीवर पंख्याखाली. म्हणून खरेदीला जायच्या आधी एक आठवडा असं करा, आहेत ते कपडे धुवून रात्री घरात वाळत घाला आणि सकाळी हात लावून बघा. कोरडा झालेला ठेवायचा, दुसऱ्या रात्रीही शिवणीपाशी ओला लागतोय तो रोजच्या वापरातून काढायचा. माझ्या तीन जीन्समधल्या दोन अशाच गेल्या, जाड डेनिमला जुलैमध्ये कुबट वास येतो तो दुसऱ्यांदा धुतल्याशिवाय जात नाही.

कापडाचं म्हणाल तर मलमल आणि पातळ कॉटन सगळ्यात बरं, लिनन पण छान पण लोकलमधून उतरेपर्यंत चुरगळतं, ते चालत असेल तर घ्या. पॉलिस्टर पटकन वाळतं पण घाम शोषत नाही, गर्दीत जीव नकोसा होतो, त्यामुळे पावसाळ्यात खाली पँट पॉलिस्टर मिक्स आणि वर कॉटन ही जोडी मला सगळ्यात पटली.

माझे वीस असे आहेत: सहा कुर्ते, दोन शर्ट, चार पँट, एक जीन्स, तीन ओढण्या, एक श्रग (कुर्त्यावर घालायचं पुढून उघडं हलकं जॅकेट), दोन साड्या आणि एक सणाचा ड्रेस. कुर्ता गुडघ्यापर्यंतच, त्याहून लांब असला की चढता-उतरताना पायात येतो. पँट घोट्याच्या वर, पलाझो दिसतो सुंदर पण स्टेशनबाहेरच्या पाण्यात त्याची किनार भिजते आणि तो ओलावा वर चढत गुडघ्यापर्यंत येतो. ओढणी ट्रेनमध्ये बॅगेतच ठेवा, ऑफिसात पोचल्यावर घ्या, गर्दीत ती कुणाच्या तरी बॅगेत अडकते आणि गळ्याला ओढ बसते, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. श्रग ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच पडून असू दे, एसी इतका गार असतो की घामाने भिजलेलं अंग अर्ध्या तासात काकडतं.

रंग निवडताना फिका राखाडी अजिबात नको, त्यावर घामाचा डाग सगळ्यात उठून दिसतो. नेव्ही ब्लू, मरून, अजरख किंवा दाबू प्रिंट (ठशांनी छापलेलं गडद नक्षीचं कापड), यात घाम आणि चिखलाचे शिंतोडे दोन्ही खपतात. पांढरा एखादा ठेवा पण पावसाळ्यात नको, भिजला की आरपार दिसतो.

आता सण. गणपती, नवरात्र, ऑफिसातला ट्रॅडिशनल डे, यासाठी दरवेळी नवीन घ्यायचा मोह होतो. नवरात्रीच्या नऊ रंगांसाठी नऊ ड्रेस कशाला लागतात, एक ऑफ-व्हाइट कुर्ता-पँट ठेवा, तोच तुमचा सणाचा ड्रेस, आणि वरची ओढणी रोज बदला, लागली तर बहिणीची मैत्रिणीची मागून घ्या, लेडीज डब्यात त्या नऊ दिवसांत सगळा डबा एका रंगाचा दिसतो तेव्हा आपणही त्यात असतो आणि खर्च काहीच नाही. तसंच एक काळा किंवा मरून खणाचा ब्लाउज शिवून घ्या, तो माझ्या नारायणपेठ साडीवरही जातो आणि साध्या कॉटनच्या साडीवरही.

मी रेडिमेडपेक्षा शिवून घेते. मंगलदास मार्केटमध्ये मीटरवर कापड मिळतं, साड्या न् ड्रेस मटेरियलसाठी दादरचं हिंदमाता. कुर्त्याला साधारण अडीच मीटर लागतं, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी बघून दुकानदाराला विचारा. कॉटन शिवायला टाकायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि खांद्यात दाटतं. आणि टेलरला खिसा लावायला आठवणीने सांगा, गर्दीत फोन बॅगेतून काढायची सोय नसते.

चपला या वीसात धरल्या नाहीत. पावसाळ्यात रबरी सँडल, मागे पट्टा असलेली, नुसती स्लिपर वापरली की मागून पँटवर चिखल उडतो. चामड्याच्या चपला जूनच्या आधी पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवा, आणि पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून वारा द्या, नाहीतर बुरशी धरते. साड्यांचंही तसंच, पावसात आठ दिवस उघडीप मिळाली की घड्या मोडून पुन्हा घालायच्या.