छोट्या एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टमसाठी कॉन्फिगरेशन व्यवस्था: कोड लिहिण्याआधीची तयारी

पहिली तयारी कागदावरची आहे. उपकरणात बदलता येण्याजोग्या जेवढ्या गोष्टी आहेत त्या सगळ्या एका तक्त्यात लिहून काढाव्यात. प्रत्येकीपुढे तिचा प्रकार, किमान व कमाल मर्यादा, डिफॉल्ट मूल्य, ती कोण आणि किती वेळा बदलणार, आणि बदल लगेच लागू होतो की रीस्टार्ट करावे लागते, हे नोंदवावे. सेन्सरचे कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक करणारी मूल्ये) आणि अनुक्रमांक कारखान्यात एकदाच लिहिले जातात, नेटवर्कचा पत्ता वापरकर्ता बदलतो, आणि चालू तासांची मोजणी यंत्रणा स्वतःच सतत बदलत असते. या तिन्ही गोष्टी एकाच जागी ठेवू नयेत. फॅक्टरी रीसेटबरोबर कॅलिब्रेशनही पुसले गेले, तर उपकरण सुरू होते, प्रतिसाद देते आणि चुकीचे आकडे दाखवत राहते. डिफॉल्ट मूल्ये फर्मवेअरमध्येच (उपकरणात कायम बसवलेल्या प्रोग्राममध्येच) ठेवावीत आणि साठवणीत केवळ बदललेली मूल्ये लिहावीत. जागा वाचते आणि रीसेट म्हणजे त्या नोंदी पुसणे एवढेच उरते.

यानंतर चिपची डेटाशीट समोर घेऊन पुसण्याचा हिशेब मांडावा. एसपीआय नॉर फ्लॅश या वीज गेल्यावरही माहिती टिकवणाऱ्या, पण पुन्हा लिहिण्याआधी पुसाव्या लागणाऱ्या मेमरीत सर्वांत लहान पुसता येणारा सेक्टर बहुधा ४०९६ बाइटांचा असतो आणि तो साधारण १ लाख वेळा पुसता येतो. अनेक मायक्रोकंट्रोलरच्या अंतर्गत फ्लॅशची हमी मात्र १० हजार वेळांचीच असते. दर मिनिटाला एक मूल्य बदलून तोच सेक्टर पुन्हा पुसला, तर १ लाखांची मर्यादा सुमारे ६९ दिवसांत आणि १० हजारांची आठवड्याच्या आत संपते. तेच मूल्य ६४ बाइटांच्या नोंदी एकापुढे एक जोडत लिहिले, तर एका सेक्टरमध्ये ६४ नोंदी मावतात आणि ६९ दिवसांची सुमारे १२ वर्षे होतात. हे गणित आधी केले की साठवणीची रचना निवडताना फारसा वाद उरत नाही.

सर्वाधिक वेळ द्यावा तो लिहिता लिहिता वीज जाण्याच्या प्रसंगाला. माझ्या मते फॉरमॅट, कमांड आणि स्क्रीन हे सारे नंतरचे विषय आहेत. कोणत्याही क्षणी वीज गेली तरी जुनी किंवा नवी, पण पूर्ण कॉन्फिगरेशन मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. रुळलेला उपाय म्हणजे दोन वेगळ्या सेक्टरमध्ये दोन प्रती, प्रत्येकीला अनुक्रम क्रमांक आणि सीआरसी (प्रत बिघडली आहे का हे ओळखण्याचा तपासणी आकडा). लिहिताना नेहमी जुनी प्रत पुसायची आणि बूट होताना वैध असलेल्यांपैकी नवी निवडायची. यू-बूट या उपकरण सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या दुहेरी एन्व्हायर्नमेंटची (साठवलेल्या सेटिंग्जची) रचना याच धाटणीची आहे. पुसलेल्या नॉर फ्लॅशमधील सगळे बिट १ असतात, त्यामुळे कोरी जागा वैध ठरत नाही ना, हे तपासावे. तसेच शून्यापासून सुरू होणारा सीआरसी शून्यांनी भरलेल्या नोंदीसाठीही शून्यच देतो, म्हणून नोंदीच्या आरंभी शून्येतर खूण असावी. लिनक्ससारखी फाइल सिस्टम असेल तर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून एफसिंक करावे (म्हणजे डेटा खरोखर साठवणीत उतरवावा), मग रीनेम करावे, आणि शेवटी त्या डिरेक्टरीचेही एफसिंक करावे. हा शेवटचा टप्पा बहुतेकांकडून राहतो. चाचणीसाठी रिलेने वीज तोडणारी मांडणी आधीच तयार ठेवावी आणि लेखन चालू असताना हजारो वेळा, दर वेळी वेगळ्या क्षणी, ती तोडावी.

फॉरमॅटचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. लिनक्स चालवण्याइतकी मेमरी असेल तर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समधील यूसीआय या कॉन्फिगरेशन व्यवस्थेप्रमाणे साध्या मजकुराच्या फाइली ठेवाव्यात, कारण त्या डोळ्यांनी वाचता येतात. काही किलोबाइट रॅममध्ये काम असेल तर की (नाव) आणि व्हॅल्यूच्या (मूल्य) बायनरी नोंदी बऱ्या. तयार लायब्ररी वापरत असल्यास तिच्या मर्यादा नावे ठरवण्याआधी वाचाव्यात. ईएसपी३२ चिपसाठीच्या ईएसपी-आयडीएफमधील एनव्हीएस या साठवण लायब्ररीत की १५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. सी भाषेतील स्ट्रक्चर जसेच्या तसे फ्लॅशवर उतरवू नये, कारण मध्ये एक फील्ड वाढले किंवा कंपायलरचे पॅडिंग (फील्डांमध्ये सोडलेली रिकामी जागा) बदलले की जुन्या नोंदींचा अर्थ बदलतो.

बदल लागू करण्याची रीतही आधी लिहून ठेवावी. एकेक मूल्य तपासणे पुरेसे नसते. पत्ता आणि गेटवे वेगवेगळे बरोबर असूनही एकत्र निरुपयोगी असू शकतात, म्हणून पूर्ण संच तपासूनच तो कायम करावा. झेफिर या छोट्या उपकरणांच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या सेटिंग्ज व्यवस्थेत मूल्य स्वीकारणे आणि ते लागू करणे यांसाठी वेगळे हँडलर (फंक्शन) आहेत, ते याच गरजेपोटी. दूरवर बसवलेल्या उपकरणाचे नेटवर्क बदलताना मुदतीत पुष्टी आली नाही तर जुनी मूल्ये आपोआप परत यायला हवीत. जुनिपरच्या नेटवर्क उपकरणांवरील जुनोस या ऑपरेटिंग सिस्टमच्या ‘कमिट कन्फर्म्ड’ कमांडमध्ये ही मुदत मुळात १० मिनिटांची असते. ही एक सोय नसली की एका चुकीच्या अंकासाठी माणसाला प्रत्यक्ष उपकरणापर्यंत जावे लागते.

फर्मवेअर अपडेट फसून जुनी आवृत्ती परत येऊ शकते, हे गृहीत धरून जुन्या फर्मवेअरने अनोळखी की न पुसता तशाच जपाव्यात, आणि रद्द केलेल्या कीचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कशाला देऊ नये. पासवर्ड व खाजगी किल्ल्या निर्यात फाइलमध्ये आणि लॉगमध्ये उतरणार नाहीत, याचीही नोंद करावी.

शेवटी, दोन्ही प्रती खराब निघाल्या तर काय, हे लिहावे: उपकरण डिफॉल्ट मूल्यांवर सुरू व्हावे, तसे झाल्याचे स्पष्ट कळवावे, आणि माणूस तपासेपर्यंत खराब प्रतींवर काहीही लिहू नये.