इंडोनेशियाच्या अंतर्भागातील अपरिचित गावाची ओळख मराठीत कशी लिहावी

भूगोलाच्या प्रकल्पासाठी ‘परदेशातील एका गावाची ओळख’ हा विषय मिळाला, की सोलापुरातले बहुतेक विद्यार्थी स्वित्झर्लंड किंवा जपानकडे वळतात. इंडोनेशिया निवडणारे मोजकेच असतात आणि त्यांतलेही बरेचसे बालीच्या किनाऱ्यावरच थांबतात. वास्तविक ज्या देशात सतरा हजारांहून अधिक बेटे आणि सुमारे ७५ हजार ग्रामीण गावे आहेत, तेथे बेटाच्या पोटातले, डोंगरात वसलेले आणि पर्यटकांच्या यादीत नसलेले एखादे गाव घेतले, तर लिहिण्याजोगे कितीतरी अधिक हाती लागते. अडचण एवढीच, की अशा गावाविषयी इंटरनेटवर सहसा दोनच ओळी सापडतात: ते अमुक तालुक्यात आहे आणि त्याची लोकसंख्या इतकी आहे. त्या दोन ओळींपासून चार पानांच्या भरीव परिचयापर्यंत कसे जावे, हे येथे सांगायचे आहे. उदाहरणासाठी फ्लोरेस बेटाच्या पश्चिमेकडील मांगाराई जिल्हा घेतला आहे, कारण शेतीची वाटणी, धान्याची साठवण आणि हातमाग हे तेथील जीवनाचे तीन विषय सोलापूरच्या वाचकाला मुळापासून समजावून द्यावे लागत नाहीत.

आधी गाव नक्की करावे

इंडोनेशियात प्रांताखाली काबुपातेन, त्याखाली केचामातान आणि त्याखाली देसा अशी उतरंड आहे. काबुपातेन म्हणजे जिल्हा, केचामातान म्हणजे ढोबळमानाने तालुका आणि देसा म्हणजे स्वतःचा कारभार असलेले गाव, असे धरून चालायला हरकत नाही. मात्र आकाराच्या बाबतीत सावध राहावे, कारण तेथील केचामातान आपल्या बार्शी किंवा माळशिरस तालुक्याच्या मानाने बहुधा बरेच लहान असते. देसाच्या पोटात पुन्हा वाड्या-वस्त्या असतात, त्यांना दुसुन किंवा काम्पुंग म्हणतात. आपल्याकडील गट ग्रामपंचायत ज्याने पाहिली आहे, त्याला ही रचना लगेच कळेल.

घोटाळा होतो तो येथेच. मांगाराईतील वाए रेबो हे नाव प्रवासाची आवड असणाऱ्यांच्या कानावर आलेले असते. शंकूच्या आकाराची सात मोठी घरे असलेली ही डोंगरावरची वस्ती, आणि तेथील घरांच्या जीर्णोद्धाराला २०१२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण वाए रेबो हे देसा नाही. ती सातार लेंदा या देसातील एक वस्ती असून हे देसा सातार मेसे बारात या केचामातानात येते. त्यामुळे सरकारी तक्त्यातून सातार लेंदाची लोकसंख्या उचलून ती वाए रेबोच्या नावावर लिहिली, तर सात घरांत अख्खे देसा कोंबल्यासारखे होते. उलट ज्याला खरोखरच अपरिचित गाव हवे आहे, त्याने सातार लेंदाच घ्यावे: जगप्रसिद्ध वस्ती ज्याच्या पोटात आहे, पण ज्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, असे गाव परिचयासाठी मला तरी अधिक मोलाचे वाटते.

देसा आणि केलुराहान (देसाच्याच पातळीवरचे, बहुधा शहरी भागातले एकक) यांतला भेदही पाहून घ्यावा. देसाचा प्रमुख गावकऱ्यांनी निवडलेला असतो, तर केलुराहानचा प्रमुख हा नेमलेला सरकारी अधिकारी असतो. २०१४ सालच्या देसाविषयक कायद्यानंतर, २०१५ पासून, केंद्र सरकारचा निधी देसांना मिळू लागला, म्हणून अलीकडे झालेला रस्ता किंवा नळयोजना यांविषयी लिहिताना हा निधी हिशेबात घ्यावा लागतो. गावप्रमुखाची मुदत पूर्वी सहा वर्षांची होती, ती २०२४ च्या दुरुस्तीने आठ वर्षांची झाली.

आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव जशी ठिकठिकाणी आढळतात, तशी तेथे सुकामाजू किंवा मेकारसारी ही नावे आढळतात. मांगाराईत तर गोलो आणि वाए या शब्दांनी सुरू होणाऱ्या गावांची रांगच लागते. म्हणून नावावर विसंबू नये, संकेतांकावर विसंबावे. गृह मंत्रालयाचा गावाचा संकेतांक दहा अंकी असतो: पहिले दोन अंक प्रांताचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन केचामातानाचे आणि शेवटचे चार गावाचे. फ्लोरेस ज्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतात येते, त्याचा अंक ५३ आहे. शेवटच्या चार अंकांची सुरुवात २ ने होत असेल तर ते देसा आणि १ ने होत असेल तर केलुराहान, एवढे ओळखता आले तरी निम्मा गोंधळ मिटतो. सांख्यिकी विभागाचा संकेतांकही दहाच अंकी असतो, पण त्याची मांडणी निराळी असते. दोन्हींची सरमिसळ करू नये.

जुन्या मजकुराबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी. मांगाराई जिल्ह्यातून २००३ साली पश्चिम मांगाराई आणि २००७ साली पूर्व मांगाराई असे दोन जिल्हे वेगळे निघाले. त्याआधीच्या लेखात ‘मांगाराईतील गाव’ असे म्हटले असेल, तर ते आज तिघांपैकी कोणत्याही जिल्ह्यात असू शकते.

नावे आणि आकडे वाचताना

इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहिली जाते आणि आपण ती नकळत इंग्रजीसारखी वाचतो. रोमन ‘सी’ चा उच्चार तेथे नेहमी ‘च’ असा होतो, म्हणून रुतेंग शहराजवळचे शेतांसाठी प्रसिद्ध असलेले गाव ‘कँकर’ नसून चांचार आहे. ढाल आणि चाबूक घेऊन दोन पुरुषांनी खेळायचा मांगाराईचा पारंपरिक खेळ ‘चाची’ आहे, आणि हे नाव मराठीत लिहिल्यावर वाचकाच्या भुवया उंचावणार हे गृहीत धरून पहिल्याच उल्लेखात खेळाचा खुलासा करावा. डच काळातील नकाशे पाहायचे असतील, तर १९७२ ची लेखनसुधारणा ध्यानात ठेवावी लागते: आजच्या ‘च’ साठी त्या वेळी रोमन ‘टी’ आणि ‘जे’ ही दोन अक्षरे जोडून लिहीत. जुन्या नकाशात गाव सापडत नाही, तेव्हा ते बहुधा जुन्या अक्षरांत दडलेले असते.

आकड्यांत याहून मोठा सापळा आहे. तेथे हजार दाखवण्यासाठी टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. म्हणजे तक्त्यात १.२५० असे असेल, तर ते साडेबाराशे असतात, सव्वा नव्हे. आणि १२,५ म्हणजे साडेबारा. क्षेत्रफळ आणि लोकसंख्येची घनता लिहिताना ही चूक झाली, की गाव एकदम वाळवंट तरी होते नाही तर मुंबई.

आकडे कोठून घ्यावेत, याचे उत्तर सोपे आहे. तेथील केंद्रीय सांख्यिकी विभाग बहुतेक प्रत्येक केचामातानाची वार्षिक आकडेवारी पुस्तिकेच्या रूपात विनामूल्य प्रसिद्ध करतो आणि तिच्यातील तक्त्यांचे मथळे इंडोनेशियनबरोबर इंग्रजीतही असतात. गावनिहाय लोकसंख्या, शाळा, आरोग्यकेंद्र, केंद्रापासूनचे अंतर, हे सारे त्यात मिळते. अनेक देसांची स्वतःची संकेतस्थळे असतात आणि त्यांचा पत्ता ‘देसा’ व देशाचे लघुरूप यांनी संपतो. प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष लिहावे. आपल्याकडे शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची, तर तेथील २०२० ची. सोलापूर जिल्ह्याची ४३ लाख लोकसंख्या आणि संपूर्ण पूर्व नुसा तेंगारा प्रांताची ५३ लाख लोकसंख्या शेजारी ठेवताना मधली नऊ वर्षे वाचकाला दिसली पाहिजेत.

पाणी, शेत, घर

परिचयाचा गाभा येथे आहे आणि निम्मी पाने यालाच द्यावीत. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले’, ‘शहराच्या गजबजाटापासून दूर’ ही वाक्ये कोणत्याही गावाला लागू पडतात, म्हणून ती कोणत्याच गावाविषयी काही सांगत नाहीत. त्यांऐवजी सांगोल्याचा किंवा मंगळवेढ्याचा शेतकरी त्या गावात उतरला, तर तो पहिल्यांदा काय विचारील, ते स्वतःला विचारावे. तो पाण्याचे विचारील, मग जमीन कोणाच्या नावावर आहे ते विचारील, मग माल बाजाराला कसा जातो ते विचारील.

पावसाचे महिने आपल्या सवयीने लिहू नयेत. फ्लोरेस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे साडेआठ अंशांवर आहे आणि तेथे पाऊस साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. आपण मृगाची वाट पाहत असतो, तेव्हा तेथे कोरडा हंगाम चालू असतो. वाए रेबोत पेंती हा वर्षारंभाचा आणि कृतज्ञतेचा सोहळा नोव्हेंबरात होतो, हे नुसते सांगण्याऐवजी पावसाच्या वेळापत्रकाशी जोडून सांगितले, तर सण आणि शेती यांचा धागा वाचकाच्या हाती आपोआप येतो.

जमिनीची मांडणी हा मांगाराईचा सर्वांत वेगळा विषय आहे. तेथील सामुदायिक शेतजमिनीला लिंगको म्हणतात. तिच्या मध्यबिंदूपासून, ज्याला लोदोक म्हणतात, बाहेरच्या कडेपर्यंत रेषा आखून पाचरीच्या आकाराचे हिस्से पाडतात, त्यामुळे डोंगरावरून पाहिल्यास सारे शेत कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते. हिस्सा केवढा असावा, हे मध्याशी बोटांच्या मापाने ठरते आणि वाटणी करणारा तुआ तेनो नावाचा मानकरी असतो. चांचारजवळ अशी भातशेते आजही दिसतात. छायाचित्र लावून ‘अद्‌भुत नक्षी’ असे लिहून मोकळे होऊ नये. मध्याशी एका बोटाचा फरक पडला, तर बाहेरच्या कडेला हिस्सा किती रुंदावतो, हे आकृती काढून दाखवावे. बांधावरून होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या पद्धतीत मध्यस्थाचे वजन किती असेल, ते सांगावे लागत नाही.

घराचे वर्णनही असेच आतून करावे. वाए रेबोचे घर, म्हणजे म्बारू नियांग, बाहेरून गवत आणि ताडवर्गीय झाडाचा काळा काथ्या यांनी शाकारलेला एक उंच शंकू दिसतो. आत पाच मजले असतात. खालच्या मजल्यावर कुटुंबे राहतात. दुसऱ्यावर धान्य आणि सामान. तिसऱ्यावर पेरणीचे बियाणे. चौथ्यावर पीक बुडाले तर उपयोगी पडावे म्हणून राखून ठेवलेला साठा. आणि पाचव्यावर पूर्वजांसाठीचा नैवेद्य. चौथ्या मजल्याला लेंपा राए म्हणतात. आपल्याकडे जमिनीखालच्या पेवात जे काम होई, ते तेथे छपराखाली उंचावर होते, हे एक वाक्य सोलापूरच्या वाचकासाठी पुरेसे आहे. घरांच्या मधोमध दगड रचून केलेला कोंपांग हा पवित्र ओटा असतो. लोक बहुसंख्येने कॅथलिक आहेत आणि पूर्वजांचे विधीही पाळतात. परिचयात दोन्ही लिहावे आणि त्यांपैकी कोणते ‘खरे’, याचा निवाडा करायला जाऊ नये.

येथे एक मोह आवरावा. पूर्व फ्लोरेसच्या काही भागांत ज्वारीची लागवड पुन्हा वाढत आहे, हे वाचून मालदांडीच्या मुलखातील लेखकाला आनंद होणे साहजिक आहे. पण म्हणून पश्चिमेच्या डोंगराळ मांगाराईतील गावातही ज्वारी असेलच असे लिहू नये. तेथे भात, मका आणि कॉफी यांविषयी आधी विचारावे.

कापडाविषयी मात्र सोलापूरकराने हात आखडता घेऊ नये, कारण या विषयात तो इतरांपेक्षा अधिक नेमके विचारू शकतो. मांगाराईचे सोंगके हे वस्त्र काळ्या पोताचे असते आणि त्यावर रंगीत जादा बाणा घालून नक्षी विणतात. माग पाठपट्ट्याचा असतो: विणणारी बाई जमिनीवर बसते, ताण्याचे एक टोक पक्के बांधलेले असते, दुसरे तिच्या कमरेमागच्या पट्ट्याला जोडलेले असते आणि ती मागे-पुढे झुकून ताण कमी-जास्त करते. कापडाची रुंदी तिच्या हाताच्या पल्ल्यापलीकडे जात नाही, म्हणून मोठ्या वस्त्रासाठी दोन पट्टे जोडावे लागतात. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागाजवळ वाढलेला वाचक जोड कोठे आहे, हे पहिल्यांदा शोधील. तेव्हा छायाचित्र निवडताना जोड दिसेल असेच निवडावे.

रस्ता, शाळा, दवाखाना यांवर एकेक वाक्य पुरते, पण ते ठाम असावे. वाए रेबोपर्यंत मोटार जात नाही, खालून दोन-तीन तासांची चढण चढावी लागते, आणि तेथील मुले शाळेसाठी खालच्या कोंबो वस्तीत राहतात. ही दोन विधाने दुर्गमतेविषयीच्या परिच्छेदभर विशेषणांना भारी पडतात.

गावाशी संपर्क

मजकूर तयार झाल्यावर तो तेथील कोणाला तरी दाखवावा. देसाच्या कार्यालयाला संदेश पाठवताना पुरुषाला ‘पाक’ आणि बाईला ‘इबू’ असे आदराने संबोधावे, स्वतःची ओळख आणि हेतू पहिल्या दोन ओळींत सांगावा आणि प्रश्न तीनच विचारावेत. फ्लोरेसचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते. सोलापुरात सकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा तेथे नऊ वाजून कार्यालय उघडलेले असते आणि आपण दुपारच्या जेवणानंतर फोन करू म्हटले, तर तेथे कामकाज आवरत आलेले असते. संदेश यंत्राने भाषांतरित केला तरी चालेल, फक्त वाक्ये लहान ठेवावीत आणि म्हणी घालू नयेत. उत्तरात वस्तीचे नाव, तिचे देसा आणि सणाचा महिना, एवढे तपासून मिळाले तरी पुष्कळ झाले. लोकांची, विशेषतः मुलांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीशिवाय लावू नयेत, आणि परवानगी कोणी व कधी दिली, ते आपल्या टिपणवहीत नोंदवून ठेवावे.