पार्शल डेन्चरचे दात: शेड गाइड नंतर उघडा

पार्शलसाठी, म्हणजे काही दात गेल्यावर बसवायच्या काढ-घाल कवळीसाठी, दात निवडायचे म्हटलं की नवखा माणूस आधी शेड गाइड (दातांच्या रंगछटांचे नमुने) हातात घेतो. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या: नवा दात कशावर आपटणार आहे आणि त्याला जागा किती आहे.

समोर खरा दात किंवा सोन्याची कॅप असेल तर अॅक्रिलिक (प्लास्टिकचा दात) घ्या. पोर्सेलिन (चिनी मातीचा दात) झिजत नाही म्हणून मोह होतो, पण ते समोरचं इनॅमल खातं. चावा जुळवताना घासून ग्लेझ (वरचा चकचकीत थर) निघाली की पोर्सेलिन म्हणजे कानसच. शिवाय ते बेसला (दात धरणाऱ्या गुलाबी प्लेटला) रासायनिकरीत्या चिकटत नाही. म्हणून पकडीसाठी पुढच्या दातांना पिना असतात, दाढांना तळाशी भोकं. जागा कमी म्हणून तळ घासला की पकडच गेली.

अॅक्रिलिकची खोट म्हणजे झीज. ते झिजलं की चावण्याचा भार उरलेल्या खऱ्या दातांवर जातो, म्हणून तपासणीला आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्यावर खूण उमटवणारा रंगीत कागद) लावून नव्या दातांवर खूण उमटते का ते बघाच. क्रॉस-लिंक्ड दात (रेणू एकमेकांना जोडलेलं जास्त कडक अॅक्रिलिक) जरा जास्त तग धरतात. मागे जागा इतकी कमी असेल की घासून दाताचा पापुद्राच उरेल, तर हट्ट सोडा आणि फ्रेमवर्कसोबत (पार्शलच्या धातूच्या सांगाड्यासोबत) धातूचाच दात ओतून घ्या.

दात निखळून आला तर दोष लगेच कंपनीला देऊ नका. त्याचा तळ बघा. गुलाबी कणही नाही, नुसता गुळगुळीत? मग बहुतेक मेण राहिलंय (बेस आधी मेणात घडवतात, मग मेण काढून तिथे अॅक्रिलिक भरतात) किंवा सेपरेटिंग मीडियम (प्लास्टरला अॅक्रिलिक चिकटू नये म्हणून लावायचा लेप) दातावर चढलंय. गुलाबी थर चिकटून आला असेल तर जोड पक्का होता, बेस तुटलाय. चावताना उंच लागणारा बिंदू शोधा. मेण काढताना फ्लास्क (प्लास्टरचा साचा धरणारी धातूची डबी) ४-५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, उघडून मेणाचा गोळा काढा, मग डिटर्जंटच्या गरम पाण्याने आणि शेवटी स्वच्छ उकळत्या पाण्याने धुवा. मेणाचा तवंग असलेलं पाणी परत ओतू नका (घाईत हेच होतं). मीडियम फक्त प्लास्टरवर. दाताचा तळ बरने (ड्रिलच्या टोकाने) हलका खरवडा, पॅकिंगआधी (साच्यात अॅक्रिलिक भरण्याआधी) मोनोमर (अॅक्रिलिकचं द्रव) लावा. फार खोल मात्र जाऊ नका: क्रॉस-लिंक्ड दातात बेसशी जुळणारा मऊ थर तळाशीच असतो.

नायलॉनच्या लवचिक बेसला अॅक्रिलिक दातही चिकटत नाही. तिथे तळातून टी आकाराची भोकं पाडावी लागतात, म्हणजे बेस आत शिरून दात धरतो.

आता शेड. कामाच्या सुरुवातीलाच, दात ओले असताना, दिवसाच्या उजेडात. आधी उजळ-गडद जुळवा, मग रंग. एका टॅबकडे (गाइडमधल्या एका नमुन्याकडे) पाच-सात सेकंदांहून जास्त टक लावू नका. डोळे थकले की सगळ्याच शेड सारख्या दिसतात.