आंतरधर्मीय प्रेमाच्या विनोदी पटकथेत ज्यू पात्र कसं लिहावं

पहिला प्रसंग लिहायच्या आधी तीन गोष्टी ठरवा: पात्र कोणत्या पंथाचं, त्याची आई ज्यू आहे का, आणि ते रोजच्या जगण्यात नेमकं काय पाळतं. 'ज्यू आहे' एवढ्यावर विनोद उभा केला की तो हेल, नाक आणि कंजूषपणा यांवरच जाऊन पडतो.

अमेरिकेतलं कुटुंब असेल तर पंथामुळे कथाच बदलते. ऑर्थोडॉक्स (कर्मठ) आणि कन्झर्व्हेटिव्ह (मध्यममार्गी) पंथांत ज्यू आईचं मूल ज्यू. रिफॉर्म या उदारमतवादी पंथाने 1983 मध्ये ज्यू वडिलांच्या मुलालाही मान्यता दिली, मात्र ते ज्यू म्हणून वाढलेलं हवं. म्हणजे नायक ज्यू आणि नायिका ख्रिस्ती असेल तर 'मुलांचं काय?' या प्रश्नाला त्याच्या घरातच दोन उत्तरं मिळतात. कन्झर्व्हेटिव्ह धर्मगुरूंना असं लग्न लावायची मनाई आहे, रिफॉर्ममधले बरेच जण लावतात. अडथळा इथे आयता मिळतो, त्यासाठी रडणारी आई आणायची गरज नाही.

जुना साचा ओळखून ठेवा. 1922 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेल्या 'एबीज आयरिश रोज' या नाटकात ज्यू मुलगा, आयरिश कॅथलिक मुलगी, दोन संतापलेले बाप आणि नातवंडांमुळे झालेला समेट होता. त्याचे 2,327 प्रयोग झाले. त्यात दोन्ही बाजूंचे लोक सारखेच हास्यास्पद असतात आणि धर्म म्हणजे म्हाताऱ्यांचा हट्ट ठरतो. प्रेमिकांना स्वतः काहीच ठरवावं लागत नाही. साच्याची खरी उणीव हीच.

आता विनोदाची दिशा तपासा. 'ॲनी हॉल' या चित्रपटात (1977) ईस्टरच्या जेवणाला ॲनीची आजी ज्यू नायकाकडे बघते आणि क्षणभर तो दाढी, काळी टोपी अशा हसिडिक, म्हणजे कर्मठ ज्यूंच्या वेशात दिसतो. हसू येतं ते त्या नजरेचं आणि त्याच्या धास्तीचं. 'मीट द पेरेंट्स'मध्ये (2000) ज्यू नायकाला जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला लावतात आणि तो सुचेल ते बोलत सुटतो. ही युक्ती घ्याच: पात्राला दुसऱ्याच्या विधीत नुसतं बसवू नका, त्याला तिथे काम द्या.

मसुदा झाला की प्रत्येक विनोदासमोर तो कोणावर आहे ते लिहा. ज्यू स्त्रीवरचे विनोद जास्त आणि प्रेमप्रसंग मात्र सगळे सोनेरी केसांच्या परधर्मीय मुलीला, असं दिसलं तर थांबा. हा दोष फार जुना आहे. 1972 चा 'द हार्टब्रेक किड' नेमका यावरच आहे: मधुचंद्रात ज्यू बायकोला सोडून नायक दुसरीच्या मागे लागतो. दिग्दर्शिका एलेन मे यांनी विनोदाचं टोक नायकाकडेच वळवलं, म्हणून तो टिकला. आईच्या तोंडी जेवण आणि लग्न सोडून काहीच नसेल, तर तिला मुलाशी संबंध नसलेली एखादी स्वतःची इच्छा द्या.

तपशिलात चुका ठरलेल्या असतात. शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या साप्ताहिक विश्रांतीच्या) मेणबत्त्या शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी, बहुधा 18 मिनिटं आधी लावतात, त्यामुळे बाहेर काळोख दाखवू नका. परंपरा पाळणाऱ्या घरात शनिवारी दुपारी लग्न होत नाही. हानुक्का या दिव्यांच्या सणाच्या दीपवृक्षाला नऊ जागा असतात, सात नव्हे. धर्मांतर एका रात्रीत होत नाही: बरेच महिने अभ्यास, मग तिघांच्या धर्मपीठापुढे मुलाखत, आणि शेवटी विधीचं स्नान.

शेवट सर्वांत अवघड. 'कीपिंग द फेथ'मध्ये (2000) नायक ज्यू धर्मगुरू आहे, नायिका ज्यू नाही, आणि शेवटी कळतं की ती गुपचूप धर्मांतराचे वर्ग करते आहे. गोड वाटतं, पण त्याच्यापुढचा पेच तिनेच परस्पर उचलून नेला. धर्मांतर दाखवायचंच असेल तर तिचा निर्णय पडद्यावर घडू द्या, तिच्या स्वतःच्या कारणासकट, आणि त्याने काय सोडलं तेही त्याच प्रसंगात येऊ द्या.