देशावरून खानदेश-वऱ्हाडात गेलेलं शेतकरी घर मागे कसं शोधायचं

खानदेश आणि वऱ्हाडातल्या कितीतरी शेतकरी घरांत एक वाक्य चालत आलेलं असतं : "आपण मूळचे इकडचे नाही, दुष्काळात देशावरून आलो." कोणत्या दुष्काळात आणि कुठल्या गावाहून, असं विचारलं की उत्तर येतं, "सातारकडून कुठून तरी." एवढ्या सुगाव्यावरूनही मूळ गावापर्यंत पोचता येतं. पण बहुतेक जण पहिल्याच पावलाला चुकतात. आडनाव घेतात, त्या आडनावाची भावकी कुठे मोठी आहे ते बघतात आणि तिथल्या वंशावळीला आपलं घर चिकटवून मोकळे होतात.

एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याच्या बाबतीत आडनाव हा सगळ्यात कच्चा धागा आहे. जुन्या कागदांत माणूस 'धोंडी बिन राणोजी' एवढाच असतो. पुढे 'पाटील' असेल तर ते वतन, आडनाव नव्हे. गाव सोडून गेला की नव्या गावचे लोक त्याच्या जुन्या गावाला 'कर' लावून हाक मारतात आणि नातवाच्या शाळेत तेच आडनाव म्हणून चढतं. जमिनीच्या नंबराचं तसं नाही. तो सहसा बदलत नाही, आणि बदललाच तर कशाचं काय झालं याचा तक्ता दप्तरी असतो. म्हणून आडनाव बाजूला ठेवा आणि जमीन धरून मागे चला. आज जिथे आहात तिथून सुरुवात करा, मूळ गावाहून नव्हे.

कचेरीत जाण्याआधी घरच्यांना विचारा

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके हवेत. "कुलदैवत खंडोबा" एवढ्यावर थांबू नका. कोणता खंडोबा? जेजुरीचा, पालीचा, नळदुर्ग-अणदूरचा की नांदेडकडच्या माळेगावचा? वऱ्हाडातलं घर जवळचं माळेगाव सोडून जेजुरीला तळी भरत असेल, तर दिशा मिळाली. देवक, म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं चिन्ह, तेही विचारा, कारण एकाच आडनावाच्या दोन घरांचं देवक वेगळं निघालं तर ती भावकी धरता येत नाही. पणजी, खापरपणजी कुठली होती, आत्या कुठे दिल्या होत्या, हेही विचारा. स्थलांतराच्या पहिल्या पिढीत सोयरिकी बहुधा जुन्या मुलखातच होत. पुरुष "सातारकडून" म्हणून थांबतात, पण आजीच्या माहेराचं नाव घरातल्या एखाद्या आत्याला हमखास पाठ असतं. जात्यावरच्या ओव्यांत आलेली गावंसुद्धा टिपून घ्या.

आणि पेटीतले कागद. रोकडीच्या पावत्या, जुनं खरेदीखत, दत्तकपत्र, काहीही. मोडीत आहे म्हणून वाचता येत नसेल तरी फेकू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. प्लास्टिकमध्ये अडकलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. उजेडात सरळ वरून फोटो काढा.

जमिनीची शिडी

आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. तो एकत्रीकरण (जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडण्याच्या) योजनेनंतरचा, म्हणजे १९४७ च्या कायद्यानंतर कधीतरी पडलेला. त्याच्या आधीचा सर्व्हे नंबर हवा असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा ९(३)-९(४) चा उतारा मागा. त्यात जुना नंबर आणि नवा गट समोरासमोर दिलेले असतात. हा उतारा न काढता जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) मागणाऱ्याला "या नंबरचं काही सापडत नाही" असं उत्तर मिळतं. नंबर चुकीचा मागितलेला असतो, एवढंच.

सर्व्हे नंबर हाती आला की फेरफार एकेक करून मागे न्या. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे. पहिल्या दोन-तीन दशकांतल्या वारसाच्या नोंदींत मेलेला खातेदार १८४० ते १८७० च्या दरम्यान जन्मलेला असू शकतो. म्हणजे स्थलांतर केलेला माणूस स्वतः किंवा त्याचा मुलगा इथे गाठ पडतो.

अशा नोंदीचा सांगाडा साधारण असा असतो : 'राणोजी वल्द धोंडी हा मयत. वारस मुलगे तीन. पैकी थोरला कबजात, मधला देशी राहतो, धाकटा अ. पा. क. आई.' अशा नोंदीतले शब्द असे वाचायचे. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. देशावरच्या कागदांत त्याच अर्थाने 'बिन' येतं. 'कोम' आलं तर अमक्याची बायको. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे धाकटा त्या दिवशी सज्ञान नव्हता आणि त्याचा जन्म कोणत्या वर्षानंतरचा ते कळलं. 'देशी राहतो' हे तर सोनं आहे. मधला भाऊ परत गेला किंवा मागेच राहिला, म्हणजे मूळ गावी त्या काळात आपलं घर होतं. नावापुढे 'ए. कु. मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; सातबाऱ्यावर एकटा दिसला तरी मागे आणखी भाऊ आहेत, त्यांना शोधा. फक्त आपल्या थेट पूर्वजाच्या मागे गेलात तर अर्धे पुरावे हातचे जातात. गावाचं नाव बहुतेकदा चुलत्याच्याच नोंदीत सापडतं.

हक्कनोंदणीच्या आधी काय? सर्व्हेचे कागद. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली इंदापुरात जमाबंदी (मोजणी करून साऱ्याची आकारणी) केली आणि तीच पद्धत पुढे इतर जिल्ह्यांत गेली. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १८६१ पासून तिथेही याच धर्तीवर मोजणी झाली. भूमी अभिलेखात मागायचे कागद असे : शेतवार पत्रक, सूड, प्रतिबुक, क्लासर रजिस्टर. नंबरनिहाय धारकाचं नाव इथे मिळतं. पहिल्या मोजणीत आपल्या नंबरावर परकं नाव असेल आणि दुसऱ्या मोजणीत पूर्वज असेल, तर येण्याचा काळ मधल्या वर्षांत बसला. नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजाराने भरायची पद्धत, असल्यामुळे मांडणी वेगळी आहे. तिथे कुळांची नावं जमाबंदी आणि खसऱ्यात (शेतवार यादीत) बघावी लागतात.

काही जिल्ह्यांचं जुनं दप्तर 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन होऊन आलं आहे. आधी तिथे बघा, मग तालुक्याला चकरा मारा. अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर, कागदाचं नाव आणि वर्षांची कक्षा लिहा. "आमच्या घराण्याचे सर्व कागद मिळावेत" असा अर्ज पहिल्याच टेबलावर अडकतो.

कोतवाल बुक आणि मोडी

गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. त्यात नाव, बापाचं नाव, जात, वय आणि मृत्यूचं कारण मिळतं. ताप, पटकी, देवी ही कारणं नेहमीची. १८९६ नंतरच्या नोंदींत प्लेगही दिसू लागतो. वयावर फार विसंबू नका, ते विचारून अंदाजे लिहिलेलं असतं; ५०, ६०, ७० असे गोल आकडे दिसले की दहा वर्षं इकडे-तिकडे धरा. शाळेचं जनरल रजिस्टरही याच जोडीला बघा. 'यापूर्वीची शाळा' या रकान्यात कधीकधी जुनं गाव असतं.

ही बुकं बहुतेक मोडीत आहेत. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग अक्षरं लिहीत, त्यामुळे एक शब्द कुठे संपतो ते कळत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यावर लघुरूपं : 'मौ' म्हणजे मौजे, 'पा' म्हणजे पाटील, 'रा' म्हणजे राहणार किंवा राजश्री, जागा बघून ठरवायचं. गावाचं नाव वाचताना घाई झाली की अख्खा शोध भलत्या तालुक्यात जातो. पुणे जिल्ह्यातच वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव शेरी अशी रांग आहे. नुसतं 'वडगाव' मिळालं तर ते गाव सापडलं असं समजू नका. परगणा, तर्फ (जुने महसुली विभाग) किंवा शेजारच्या गावाचं नाव हाती येईपर्यंत कागद उलटत राहा. पैसे देऊन लिप्यंतर करून घेतलंत तरी मूळ पानाचा फोटो सोबत ठेवा आणि गावाचं नाव दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या.

कधी निघाले

घरातला 'दुष्काळ' ओळखायचा तर त्याचं नाव विचारा. 'धात्याचा दुष्काळ' म्हटलं तर शके १७९८, धाता संवत्सर, म्हणजे १८७६-७७. सोलापूर, सातारा, पुणे, नगर या भागांतून तेव्हा माणसं जनावरं घेऊन खानदेश, वऱ्हाड आणि निजामी मुलखात गेली. 'छप्पन्नचा' म्हटलं तर विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. पण सगळे भुकेने गेले असं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडात जमीन करायला माणसं हवी होती. खानदेशात तर १८१८ नंतर ओसाड गावं वसवायला कौल, म्हणजे सवलतीच्या साऱ्याचं लेखी वचन, देत. दुष्काळाची गोष्ट सांगायला सोपी असते, म्हणून ती कापसाच्या गोष्टीवर चढून बसते. जमिनीच्या कागदातलं वर्ष आणि घरातली गोष्ट जुळत नसेल तर कागदाचं ऐका.

जनगणनेत नावं शोधण्यात वेळ घालवू नका. १८७२ आणि १८८१ च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते उपलब्ध नाहीत. छापील अहवालात फक्त बेरजा आहेत. कोणत्या जिल्ह्यात जन्मलेले किती लोक इथे सापडले, एवढंच १८८१ च्या अहवालातून कळतं. दिशा पक्की करायला ते पुरतं. त्याच कामासाठी १८८० च्या दशकातले जिल्हा गॅझेटियर वाचा.

मूळ गावात काय शोधायचं

सोडून गेलेला माणूस मागे एक पोकळी ठेवतो आणि दप्तरात ती दिसते. मिरासदार, म्हणजे पिढीजात जमिनीचा थळकरी, गाव सोडून गेला तर त्याच्या नावापुढे 'परागंदा' किंवा 'परमुलखी गेला' असं येतं. वंशच उरला नाही तर जमीन 'गतकूळ' होते. मिरासदार कित्येक वर्षांनी परतून हक्क सांगू शके, म्हणून त्याची आठवण कागदात जपली जाई. उपऱ्याची गोष्ट वेगळी. तो बाहेरून येऊन जमीन कसणारा, तो निघून गेला तरी कागदाला फारसं सोयरसुतक नसे. पूर्वज उपरी असतील तर त्या गावाच्या आधी आणखी एक गाव असू शकतं, हे ध्यानात असू द्या.

१८१८ च्या आधीचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तरात आहेत. थळझाडा मिळाला तर तो आधी काढा : गावातली थळं (शेतजमिनीचे पिढीजात वाटे) आणि ती कुणाची, याची ती यादी. कागद रुमालांत बांधलेले असतात. प्रत्येक नोंदीसोबत रुमाल नंबर टिपला नाही तर तोच कागद पुन्हा सापडणार नाही. खानदेशासाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, निजामी मुलखासाठी हैदराबादचं दप्तर.

तारखा इथे दगा देतात. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. हैदराबादचा फसली, म्हणजे तिथला महसुली सन, ऑक्टोबरात सुरू होई. त्यात ५९० मिळवा, जानेवारीनंतर ५९१. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन मृगाला (जूनच्या सुरुवातीला) बदलतो आणि अरबी शब्दांत लिहिलेला असतो : 'सलास अशर मयातैन व अलफ' म्हणजे ३, १०, २०० आणि १०००, एकूण १२१३. त्यात ५९९ मिळवून १८१२ चा जून, आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवून १८१३.

तीर्थोपाध्ये आणि हेळवी

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात. आजचं गाव सांगून हाती काही लागलं नाही, तर संशयित मूळ गाव सांगून बघा. यात्रेला आलेला पूर्वज 'मूळ राहणार अमुक, हल्ली मुक्काम तमुक' असं लिहून गेला असेल, तर दोन्ही टोकं एका ओळीत जुळतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी वंशावळ वाचतात. त्यांना आधी आपली माहिती सांगू नका. फक्त गाव सांगा आणि ऐका. आपणच दिलेली नावं पुन्हा आपल्याला ऐकू आली तर तो पुरावा होत नाही.

तपासताना नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची चाल डोक्यात ठेवा. धोंडी बिन राणोजी, राणोजी बिन धोंडी, पुन्हा धोंडी बिन राणोजी : दोन धोंडी एक समजले की एक आजोबा आणि एक बाप गायब होतो. दोन भावांनी एकच नाव ठेवलं असेल तर उलट, एकाचे दोन होतात. पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं धरून बघा; शंभर वर्षांत सात पिढ्या बसत असतील तर कुठेतरी चुलता बाप झालेला आहे. नाव आणि बापाचं नाव जुळणं पुरेसं नाही, तिसरी गोष्ट हवी : नंबर, बायकोचं नाव, शेजारचा खातेदार किंवा सोबत आलेला भाऊबंद. शेजारी विसरू नका. एका गावाहून पाच-सहा घरं मिळून निघत, आणि तुमचा कागद नसला तरी बांधाला बांध लागलेल्या घराच्या कागदात गावाचं नाव असतं. जातीच्या दाखल्यासाठी केलेल्या वंशावळी हाती आल्या तर त्यांतला सगळ्यात वरचा जोड आधी तपासा. हवी ती नोंद गाठायची घाई तिथेच झालेली असते.

तक्ता काढताना दोन कागदांनी जुळलेला जोड शाईने ओढा, एका कागदाचा किंवा नुसत्या तोंडी माहितीचा पेन्सिलीने, आणि प्रत्येक रेघेवर कागदाचं नाव, गाव, वर्ष आणि पान लिहा.